मालकीची रानं राखायचं काम: रोज नक्की काय करावं लागतं? सल्ला हवाय

शमिका_पी

नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालंय, सध्या पुण्यात एका सल्लागार कंपनीत बसून रिपोर्ट लिहिते आणि जीव अजिबात रमत नाहीये. संगमेश्वरच्या बाजूला काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत फील्ड ऑफिसरची जागा निघालीये. काम म्हणजे लोकांच्या मालकीची जंगलं टिकवणं. अभयारण्य नाही, वनखात्याची जमीन पण नाही, ज्यांच्या सातबाऱ्यावर माणसांची नावं आहेत अशी रानं. मुलाखतीची पहिली फेरी झाली, दुसरीला बोलावलंय.

मला झाडं-पक्षी बऱ्यापैकी ओळखता येतात, जीआयएस (संगणकावर नकाशे बनवणं) चांगलं येतं, चालायची सवय आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, की जमीन त्याची, झाडं त्याची, उद्या त्याने तोडायची ठरवली तर मी कोण त्याला थांबवणारी? अभयारण्यात निदान कायदा पाठीशी असतो, इथे कशाच्या जोरावर काम करायचं? आणि दिवसभर नक्की करायचं काय असतं, म्हणजे सर्व्हे, मीटिंगा, की कागदपत्रं? घरच्यांचं म्हणणं की प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली, ते पण आहेच. कोणी हे काम केलं असेल किंवा ज्यांच्या घरचं असं रान असेल त्यांनी प्लीज मोकळेपणाने लिहा.

सड्यावरचा

शमिका, बरीच वर्षं याच कामात आहे म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाच.

तू कोण थांबवणारी, याचं उत्तर सरळ आहे, तू थांबवू शकत नाहीस. झाडतोडीला परवानगी लागते हे खरं, १९६४ चा महाराष्ट्राचा झाडतोड कायदा आहे, त्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं आहेत, पण मालकाने अर्ज केला आणि कागद बरोबर असले की परवानगी मिळते, वनखात्याचा खुणेचा हातोडा झाडावर बसतो, वाहतूक पास निघतो आणि ट्रक भरतो. त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून रान राखायला गेलीस तर तुला कुणी घरात घेणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. आपल्या हातात एवढंच असतं की तोडायचा विषय ज्या दिवशी घरात निघेल त्या दिवशी त्यांना आपली आठवण यायला पाहिजे आणि आपल्याकडे त्यांना द्यायला काहीतरी पाहिजे.

आता रान तुटतं कधी ते समजून घे, कारण सगळं काम यावर उभं आहे. कोकणात हौसेने कोणी रान तोडत नाही. मुलीचं लग्न ठरतं, कोणीतरी हॉस्पिटलात असतं, घराचं छप्पर बदलायचं असतं, मुंबईतल्या खोलीचे पैसे भरायचे असतात. दिवाळी उलटली की ठेकेदार फिरायला लागतो आणि त्याला कोणाच्या घरात काय अडलंय हे आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. तो येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो, समोरच्या उताराकडे बघतो आणि उक्ता आकडा सांगतो. झाडं मोजत नाही, टनाचा हिशोब तर काढतच नाही, थोडी आगाऊ रक्कम तिथेच हातावर ठेवतो. मालकाला आपल्या रानातून किती माल निघणार याची काही कल्पना नसते, त्याला त्या क्षणी अडचण सुटलेली दिसते. मग अख्खा उतार साफ होतो, जळाऊ लाकूड वीटभट्ट्यांना आणि कारखान्यांच्या बॉयलरला जातं, बरं लाकूड वखारीत.

ऐन-किंजळीला बुंध्यातून फुटवे येतात, दोन-तीन पावसाळ्यांत डोंगर परत हिरवा दिसायला लागतो, त्यामुळे लोक म्हणतात की बघा आलं ना रान परत. पण ते फुटव्यांचं रान असतं, मनगटाएवढ्या काठ्यांचं. ढोली पडेल एवढं जुनं झाड त्यात तयार व्हायच्या आत पुढची तोड येते. आमच्याकडे एका रानात एक बेहडा आहे, दोन माणसांच्या कवेत मावत नाही असा, त्याच्या ढोलीत गरुड धनेश घरटं करतो. मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, एक उभी फट तेवढी ठेवते, नर दिवसभर उंबराची, नांद्रुकीची फळं आणून त्या फटीतून देत राहतो. झाडाखाली उभं राहिलं तर पायाखाली कसल्या कसल्या बियांचा खच पडलेला असतो, त्यातल्या काही पावसाळ्यात तिथेच रुजतात. ठेकेदाराच्या लेखी ते झाड म्हणजे खोक्यांचं लाकूड, बेहड्याला त्यापलीकडे भाव नाही. तेवढ्या पैशासाठी ते झाड जायचं, हे बघवत नाही म्हणून मी अजून या कामात आहे.

रोजचं काम विचारलंस. सुरुवातीचे बरेच महिने तर सातबारा, आठ-अ, फेरफार आणि हद्दी. नकाशावर गट नंबर एक दाखवतो आणि जागेवर म्हातारेबुवा कोयत्याने दुसरीकडे दाखवतात, तो गडगा आमचा, तिथून तो वाकडा आंबा, आंब्याच्या खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. तू जीपीएस घेऊन त्यांच्या मागून चालायचं आणि शेजारच्या मालकालाही बरोबर घ्यायचं, नाहीतर तुझ्या नकाशावरून दोन घरांत भांडण लागेल आणि ते भांडण तुझ्या नावावर राहील. पोटहिस्स्यांची मोजणी झालेली नसते, रान सगळं सामाईक असतं, एका गटात पंधरा-वीस नावं, त्यातली काही मेलेल्या माणसांची, वारस नोंद झालेली नाही. त्यामुळे तलाठ्याच्या ऑफिसात तुझा बराच वेळ जाणार आहे आणि याचा कंटाळा येत असेल तर हे काम घेऊ नकोस. झाडांचे प्लॉट टाकणं, घेर मोजणं, पक्ष्यांच्या नोंदी हे सगळं असतंच, पण आठवड्यातला थोडा वेळ.

जीआयएस येतं हे चांगलंच आहे. बोलायची सवय होते. त्यापेक्षा ऐकायची लाव.

बावनदीकाठचा

शमिकाताई, मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे मालकाच्या. आमचं रान आहे देवरुखच्या पलीकडे, आजोबांच्या वेळचं, सातबाऱ्यावर आमच्या चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची अशी नावं आहेत आणि निम्मे लोक मुंबई-विरार-डोंबिवलीला. मी स्वतः ठाण्यात नोकरी करतो.

पहिल्यांदा संस्थेची माणसं आली तेव्हा काकांनी त्यांना पाणी पण नीट विचारलं नाही. का ते सांगतो. आमच्याकडे सही म्हटलं की कूळकायदा आठवतो. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याच्या नावावर जमिनी गेल्या, कसणाऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं, मी त्याच्यावर वाद घालत नाही, पण ज्या घरांच्या जमिनी गेल्या त्या घरांत आजपण म्हातारी माणसं सांगतात की दुसऱ्याचं नाव कुठल्याही कागदावर लावू नका. त्यात कोणी तरी शहरातून येऊन म्हणतो तुमचं जंगल आम्ही सांभाळतो, करार करू, तर पहिला विचार हाच की हा उद्या कूळ म्हणून उभा राहणार. हे तुम्हाला कोणी तोंडावर बोलणार नाही, बघू म्हणतील, पुढच्या वर्षी या म्हणतील.

आमच्याकडे काम झालं ते एका मुलीमुळेच. ती यायची, रानाचं नाव पण काढायची नाही सुरुवातीला, काकीबरोबर रानात जायची, कुठलं झाड कशाला वापरतात ते लिहून घ्यायची. आमच्या तीन मयत नावांच्या वारस नोंदी अडकल्या होत्या, तिने त्याच्यामागे फिरून कागद पुरे करून दिले, त्यात संस्थेचा काय फायदा होता? काही नाही. पण काका तिला घरचं समजायला लागले. नंतर एका चुलत्याचं बायपास निघालं आणि ठेकेदार आला, तेव्हा काकांनीच तिला फोन केला. संस्थेने अख्ख्या रानाचे पैसे दिले नाहीत, तेवढे त्यांच्याकडे नव्हते, पण पऱ्याच्या दोन्ही बाजूचा जुना पट्टा दहा वर्षं न तोडण्याचा करार केला आणि त्याचे पैसे एकरकमी दिले, वरच्या बाजूचा फुटव्यांचा भाग तेवढा आम्ही तोडायला दिला. हे पण लिहितोय कारण तुम्हाला असे निर्णय बघावे लागतील, सगळंच रान वाचवता येत नाही.

आम्हाला काय हवं असतं तर जमीन आमची राहिली पाहिजे, पऱ्याचं पाणी टिकलं पाहिजे आणि अडीनडीला पैसा उभा राहिला पाहिजे. हे तिन्ही जो समजून घेईल त्याला रान राखायला आमची ना नाही.

ॲड_मृणाल

कायद्याची बाजू थोडी सांगते, वरच्या दोघांनी जमिनीवरचं छान लिहिलंय.

शमिका, कुठल्याही मालकाशी बोलायच्या आधी सातबाऱ्याचा इतर हक्काचा रकाना वाचायची सवय लावून घ्या. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा १९७५ चा आहे, ३० ऑगस्ट १९७५ ला तो लागू झाला आणि त्या दिवशी त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारी खाजगी वनं शासनाकडे निहित झाली, म्हणजे शासनाच्या मालकीची झाली. कोकणात हजारो सातबाऱ्यांवर तशी नोंद आहे, कित्येक मालकांना ती खूप उशिरा कळली. जुन्या भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली नोटीस निघालेली जमीनही त्या व्याख्येत धरली गेली, हा त्यातला मोठा वाद. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ च्या गोदरेज प्रकरणात सांगितलं की नोटीस नुसती काढून उपयोग नाही, ती मालकावर बजावलेली असायला हवी. तरी प्रत्येक गटाची कहाणी वेगळी असते, त्यामुळे तशी नोंद दिसली की तिथे करार करायच्या आधी वकिलाला दाखवा. ज्या जमिनीवर मालकाचा हक्कच वादात आहे तिथे संस्थेने पैसे दिले तर मालक आणि संस्था दोघंही अडकतात.

दुसरं, वन संवर्धन कायदा १९८०, म्हणजे जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची मंजुरी लागते तो. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने जंगल शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरायला सांगितला, मालकी कोणाची हे न बघता. २०२३ च्या दुरुस्तीने ती व्याप्ती कमी केली, त्यावर याचिका झाल्या आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला न्यायालयाने तूर्त जुनाच अर्थ चालू ठेवायला सांगितलं. रोजच्या कामात याचा उपयोग एवढाच की प्लॉटिंगवाले किंवा खाणवाले आले तर मालकाला हे माहीत हवं.

आता कराराबद्दल. आपल्याकडे संस्था मालकाशी जो संवर्धन करार करते तो साधा करार असतो, त्या दोन पक्षांपुरता. मालकाने जमीन विकली तर नवीन घेणाऱ्याला तो बांधून ठेवेलच अशी खात्री धरू नका. भाडेपट्टा केला आणि मुदत एक वर्षाच्या वर असेल तर तो नोंदवावा लागतो, आणि शेतजमीन पट्ट्याने द्यायचं म्हटलं की बावनदीकाठचे दादा म्हणतायत ती कुळाची भीती येते. म्हणून करारात स्पष्ट लिहा की जमिनीचा ताबा मालकाकडेच आहे, संस्था तिथे कसत नाही, कुठलंही पीक घेत नाही. मराठीत लिहा, मालकाला मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. सामाईक गटात सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, एकाने सगळ्यांच्या वतीने केली असं चालत नाही.

सरकारी मान्यतेचा एक मार्ग आहे, वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेलं समुदाय राखीव क्षेत्र, कलम ३६ सी. यात खासगी जमीनसुद्धा मालकाच्या राजीखुशीने घालता येते, मालकी त्याचीच राहते. पण अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. हे मालकाला सहीच्या आधी सांगायचं, नंतर नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि तो त्यांचा हक्क आहे.

शमिका_पी

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. इतर हक्काचा रकाना मी कधी नीट वाचलाच नव्हता.

दोन प्रश्न राहिले. एक म्हणजे दहा वर्षांचा करार संपल्यावर काय? झाडाच्या हिशोबाने दहा वर्षं म्हणजे काहीच नाही. आणि दुसरं, एकरकमी पैसे देणं सोडून दुसरं काही चालतं का, म्हणजे रानातूनच मालकाला दरवर्षी काही मिळेल असं?

उत्तरवारा

मी अमेरिकेत मेन राज्यात एका लँड ट्रस्टमध्ये, म्हणजे खासगी जमिनी राखायला मदत करणाऱ्या संस्थेत काम करतो, मूळचा चिपळूणचा. पहिल्या प्रश्नाला इथलं उत्तर सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल.

मेनमध्ये जवळजवळ नव्वद टक्के जंगल खासगी मालकीचं आहे, त्यामुळे इथे हे काम अगदी रुळलेलं आहे. मालक जमीन स्वतःकडे ठेवतो पण तिच्यावर घरं बांधायचा, तुकडे पाडायचा हक्क कायमचा सोडून देतो, तो हक्क ट्रस्टकडे जातो आणि जमिनीच्या कागदाला चिकटतो. जमीन विका, वारसाला द्या, बंधन जमिनीबरोबर जातं. २००१ मध्ये पिंग्री कुटुंबाच्या साडेसात लाख एकरांहून जास्त जंगलावर असं बंधन आलं, आणि तिथे लाकूडतोड आजही चालू आहे, फक्त जंगलाचे प्लॉट पडणार नाहीत. हक्क दान केला तर मालकाला आयकरात सूट मिळते, विकला तर पैसे.

पण कायमचं म्हणजे काय, तर माझी नोकरी. सही व्हायच्या आधी जमिनीची आजची स्थिती फोटो, नकाशे, वर्णनं सगळं घालून नोंदवायची आणि मालकाची त्यावर सही घ्यायची. मग दरवर्षी जाऊन बघायचं, जमीन विकली गेली की नवीन मालकाला भेटायचं. त्रास जुन्या मालकाचा नसतो, त्याने मनापासून केलेलं असतं. दुसरा-तिसरा मालक येतो ज्याला हे बंधन आयतं मिळालंय, त्याच्याशी नातं परत पहिल्यापासून. आणि या दरवर्षीच्या फेऱ्यांसाठी पैसा बाजूला काढून ठेवलेला असतो, तो नसेल तर ट्रस्टने बंधन घ्यायचंच नाही असा चांगल्या ट्रस्टांचा शिरस्ता आहे. शमिका, तुमच्या संस्थेला मुलाखतीत हे नक्की विचारा की करार झालेल्या रानांकडे दरवर्षी जायला माणूस आणि पैसा कुठून येतो. याचं उत्तर धड नसेल तर करारांचे आकडे कितीही मोठे असोत, मला त्यात जीव वाटत नाही.

सड्यावरचा

उत्तरवारा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्याकडे असं कायमचं बंधन घालायचा सोपा रस्ताच नाही, म्हणून आपण मुदतीचे करार करतो आणि मुदत संपायच्या खूप आधीपासून पुढच्याची तयारी करतो. शमिका, करार हा खरं तर वेळ विकत घेणं आहे. त्या वर्षांत घरातली पुढची पिढी रानात आणायची, कारण सही काकांनी केली तरी पुढचा निर्णय डोंबिवलीतला पुतण्या घेणार आहे आणि त्याने ते रान आतून कधी बघितलेलंच नसतं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, पण सावकाश. हिरडा आणि बेहड्याची फळं औषधांना लागतात. पूर्वी जो येईल तो मिळेल त्या भावाने घ्यायचा, ओली-सुकी एकत्र, बुरशी लागलेली. पुण्याच्या एईआरएफ संस्थेने सह्याद्रीत या दोन फळांसाठी फेअरवाइल्ड प्रमाणपत्राचं काम केलंय, तो प्रयोग समजून घे. यात फळं कशी गोळा करायची, झाडावर आणि खाली किती ठेवायची, कशी वाळवायची, गोळा करणाऱ्याला पैसे किती हे सगळं ठरलेलं असतं आणि घेणारा त्याचा जास्त भाव देतो. याचा खरा परिणाम असा की बेहडा उभा राहिला तर दरवर्षी पैसे देतो, हे घरात आकड्यात दिसतं. पण सगळ्या रानांत बेहडा-हिरडा नसतो, काही वर्षी फळच धरत नाही, आणि बायपासच्या खर्चाला फळं पुरत नाहीत. म्हणून मला वाटतं संस्थेकडे अडीनडीला लगेच देता येईल असा वेगळा निधी हवाच. ठेकेदार दुसऱ्या दिवशी रोख देतो आणि आपण म्हणतो फंडरला प्रपोजल पाठवलंय, तर रान कोणाकडे जाणार?

अजून एक, करार केलेल्या रानाला कुऱ्हाडीइतकाच वणव्याचा धोका असतो. गवत वाळलं की सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून आग उतरते, कोणी मुद्दाम लावलेली असते, कोणाची भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळणं) हाताबाहेर गेलेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून घ्यायच्या, गावातल्याच पोरांना मजुरी देऊन, आणि तू स्वतः तिथे उभी राहायचीस. आणि काजूची लागवड. त्याला अनुदान मिळतं, उत्पन्न दिसतं, त्यामुळे रान काढून कलमं लावायचा मोह मोठा असतो, दक्षिणेला दोडामार्गकडे हेच रबराने झालं. अशा वेळी लागवड करूच नका म्हणून चालत नाही, आधीच उघड्या पडलेल्या वरकस जमिनीवर लावा आणि पऱ्याकाठ सोडा, इथपर्यंत बोलणं नेता आलं तरी पुष्कळ.

बावनदीकाठचा

वणव्याचं अगदी खरं. आणि ताई, जॉइन व्हायचंच ठरलं तर एप्रिलच्या आत व्हा. मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी असतात, त्यानंतर थेट गणपतीत, आणि गणपतीत कोणाला कागदाकडे बघायला वेळ नसतो. सातबाऱ्यावरची सगळी नावं एका ओट्यावर बसलेली फक्त मे मध्ये मिळतात. जूनला जॉइन झालात तर सह्यांसाठी वर्षभर थांबावं लागेल.

शमिका_पी

सोमवारी दुसरी फेरी आहे. दरवर्षीच्या फेऱ्यांचा पैसा आणि अडीनडीचा निधी हे दोन्ही विचारते, आणि जमलं तर मार्चपासून येते असं सांगते. काय म्हणाले ते इथेच लिहीन. मृणालताई, मराठीतल्या कराराचा एखादा नमुना, नावं काढून, पाठवता येईल का?

ॲड_मृणाल

हो, पाठवते. ताब्याचं कलम आणि वारसांचं कलम दोन्ही नीट वाचा, प्रत्येक घरासाठी ती दोन वेगळी लिहावी लागतात.